खांद्याचे दुखणे : सुई, हालचाल आणि सबुरी

(शब्बाथ संपल्यानंतर भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील ध्वनिमुद्रित व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. अखेरीस श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न उत्तरांसह दिले आहेत.)



प्रारंभी एक लहानशी विनंती करतो. प्रार्थनेच्या वेळी तल्लीथ मस्तकावरून पांघरताना आपण हात जसे वर नेतो, तसे दोन्ही हात वर नेऊन तळवे मानेमागे टेकवावेत. भगिनींनी मंगळसूत्राचा फासा लावताना होते तशी हालचाल करून पाहावी. नंतर एक हात पाठीमागून वर सरकवावा व अंगठा खवाट्यापर्यंत पोहोचतो का ते पाहावे. ज्यांना हे विनासायास जमले त्यांनी आनंद मानावा. ज्यांच्या कपाळावर आठी उमटली, त्यांच्यासाठी आजचे व्याख्यान आहे. आणि मी येथून पाहतो आहे की अशांची संख्या थोडी नाही.

खांदा हा मानवी शरीरातील सर्वांत मोकळा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा, आणि तो ज्या खोबणीत बसतो ती मात्र बशीसारखी उथळ. त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो. पण या स्वातंत्र्याची किंमत भोवतालच्या मांसपेशींना मोजावी लागते. खवाट्यापासून निघालेल्या चार मांसपेशी आपल्या कंडरांनी त्या माथ्याला चहूबाजूंनी कवटाळून धरतात. यालाच वैद्यक ‘रोटेटर कफ’ म्हणते. कंडरा म्हणजे मांसपेशीला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. या चार दोऱ्यांपैकी जी सर्वांत वरची, ती खवाट्याच्या पुढे आलेल्या छज्जाखालच्या अरुंद जागेतून जाते. हात बाजूने उचलताना साधारणतः ६० ते १२० अंशांच्या दरम्यान कळ येत असेल आणि त्याच्या खाली व वर आराम वाटत असेल, तर बहुधा याच दोरीची तक्रार असते.

‘सूज आहे, ती उतरली की बरे होईल’ असे आपण सहज म्हणतो. दीर्घकाळ दुखणाऱ्या कंडरेत मात्र सुजेपेक्षा झीज अधिक असते. दोरीचे समांतर धागे विस्कटतात, विरतात, आणि शरीर त्यांची डागडुजी फार सावकाश करते, कारण कंडरेला रक्तपुरवठा मांसपेशीच्या मानाने बेताचाच असतो. या सावकाशीचा अर्थ ध्यानी घेतला तर पुढचे सारे सोपे होते. सूज उतरविणारी गोळी चार दिवस उपयोगी पडेल. विरलेली दोरी गोळीने विणली जात नाही.

ही झीज होते तरी कशाने? वयाचा वाटा आहेच. पण आपल्या येथील राहणीमानाचाही आहे. दुबई-शारजात घरोघरी पाच गॅलनची पाण्याची बाटली येते. तिच्यात सुमारे १९ लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो वजन, आणि ते आपण कंबरेपासून छातीपर्यंत उचलून, वर उलटे करून यंत्रावर बसवितो. मुंबईस निघताना तीस किलोची बॅग पट्ट्यावर चढवितो. गाडी चालविता चालविता मागच्या आसनावरील पिशवी हात मागे वळवून ओढून घेतो. खांद्याच्या कंडरेला याहून वाईट कोन सहसा मिळत नाही. स्वयंपाकघरातील उंच कपाटे, कडेवरचे मूल, दिवसभर संगणकापुढे पुढे झुकलेले खांदे, हे सर्व त्यातच आले. मलिद्यासाठी एकटीनेच दहा नारळ खवणीवर खोवणाऱ्या गृहिणीचे कोपर बाहेरच्या बाजूस ठणकू लागले, की तिला डॉक्टर ‘टेनिस एल्बो’ सांगतात आणि तिला हसू येते, कारण तिने आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. या व्याधीचे बहुसंख्य रुग्ण असेच टेनिस न खेळणारे असतात. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळीत असत. त्यांच्या खांद्यांची कोणी नोंद ठेवली नाही, पण शनिवारची सक्तीची विश्रांती त्या खांद्यांना मानवली असावी, असे मला नेहमी वाटते.

आता एका वेगळ्या व्याधीविषयी, कारण तिची गफलत नेहमी होते. खांद्याचे आवरणच आकसून जाड होते आणि हात सर्व बाजूंनी अडतो. स्वतः उचलला तरी, दुसऱ्याने उचलला तरी. याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. हे नाव बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. चाळिशी ते साठीच्या वयात, आणि स्त्रियांत थोडी अधिक, ही व्याधी आढळते. सर्वसाधारण लोकांत तिचे प्रमाण दोन ते पाच टक्के मानले जाते, तर मधुमेहींत दहा ते वीस टक्के. आपल्या समाजात मधुमेह नसलेले घर शोधावे लागते, म्हणून हा आकडा मी मुद्दाम सांगतो. खांदा कारणावाचून आखडू लागला तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. कित्येकांना मधुमेहाची पहिली वार्ता खांद्यानेच दिली आहे.

येथे दोन विरुद्ध चुका घडतात. एक जण भीतीने हात गळ्यात बांधून ठेवतो आणि महिन्याभरात सांधा अधिकच आखडतो. दुसरा ‘जोर लावल्याशिवाय मोकळा होणार नाही’ म्हणून मालिशवाल्याकडून हात ओढून घेतो आणि आधीच दुखावलेली कंडरा अधिक फाटते. या दोहोंमधून जाणारी वाट अरुंद आहे. वेदना इतकी शमवायची की हात हलविता यावा, आणि हात इतकाच हलवायचा की वेदना पुन्हा भडकू नये. सुईचे, म्हणजे ॲक्युपंक्चरचे, काम या वाटेच्या आरंभी आहे.

ही विद्या चीनची, आणि मराठी माणसाला चीनची वैद्यकी म्हटली की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबईहून चीनकडे निघाले. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले, आणि १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांची कथा चित्रपटाद्वारे घरोघरी पोहोचविली. यावरून ॲक्युपंक्चर भारतात कोटणिसांनी आणले असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ते शल्यचिकित्सक होते. त्याच पथकातील कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी हे काम केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धती शिकले आणि परतल्यावर कोलकात्यात तिचा प्रसार केला. कोटणिसांचे नाव मात्र ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यांवर आजही दिसते, आणि त्यात अन्याय्य असे काही नाही. मित्राने मित्राचे नाव जपले.

चिनी शास्त्र म्हणते की शरीरात ‘छी’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि सुईने तिचा अडथळा दूर होतो. हे मार्ग शवविच्छेदनात सापडत नाहीत. मी त्यांना जुन्या वैद्यांनी निरीक्षणे लक्षात ठेवण्यासाठी काढलेला नकाशा मानतो. आधुनिक शरीरशास्त्राची भाषा निराळी आहे. सुई मांसपेशीत शिरली की तेथील मज्जातंतू उद्दीपित होतात, मेरुरज्जूत वेदनेच्या संदेशाला अटकाव होतो, मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्ये स्रवतो, आणि आखडून बसलेली मांसपेशी सैल पडते. सुई केसापेक्षा थोडी जाड, पाव मिलिमीटरच्या आसपास, भरीव असते. तिच्यातून कोणतेही औषध जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते आणि मग एक जड, पसरणारी ठणक जाणवते. साधारण वीस-तीस मिनिटे सुया ठेवतात. अशा बैठका आठवड्यास एक-दोन, एकूण सहा ते बारा, हा सर्वसाधारण क्रम आहे.

याचा उपयोग होतो का? जर्मनीत दीर्घकाळ खांदा दुखणाऱ्या ४२४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांत पंधरा बैठका देण्यात आल्या. उपचार संपून तीन महिने झाल्यावर वेदना निम्म्याने किंवा त्याहून कमी झालेल्यांचे प्रमाण खऱ्या ॲक्युपंक्चरमध्ये ६५ टक्के, नेहमीच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या उपचारांत ३७ टक्के, आणि नुसत्या दिखाऊ सुयांत २४ टक्के होते. मात्र उत्साहाच्या भरात दुसरी बाजू विसरू नये. २०१८ मध्ये निरनिराळ्या दीर्घकालीन वेदनांच्या ३९ चाचण्यांतील सुमारे वीस हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात सुई उपयोगी ठरली, परंतु खरी सुई व दिखाऊ सुई यांतील अंतर बेताचे होते. उपचारकाच्या हाताचा स्पर्श, शांत पडून राहणे, बरे होण्याची अपेक्षा, यांचाही त्यात वाटा आहे. मला हा सुईचा अपमान वाटत नाही. पण ‘सुईने फाटलेली कंडरा सांधली जाते’ असे कोणी म्हणेल, तर ते मान्य करण्याजोगा पुरावा नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो स्पेनमधील २००८ चा अभ्यास. खांदा दुखणाऱ्या ४२५ रुग्णांना फिजिओथेरपी दिली गेली; त्यांतील एका गटास जोडीला फक्त एक सुई टोचली गेली, आणि तीही खांद्यापासून दूर, गुडघ्याखाली नडगीच्या बाजूस असलेल्या बिंदूवर. या सुईच्या गटातील खांदे अधिक सुधारले. वेदनाशामक गोळ्या कमी करू शकणाऱ्यांचे प्रमाण तेथे ५३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ३० टक्के. सुई पायात असल्यामुळे खांदा पूर्ण मोकळा राहतो आणि उपचार चालू असतानाच तो हलविता येतो. सुई वेदनेचे दार थोडे किलकिले करते. त्या फटीतून आत जायचे ते हालचालीने. बैठक संपल्यावर मिळालेला दोन-तीन दिवसांचा आराम सोफ्यावर घालविला, तर पैसे वाया गेले असे समजावे.

अबू धाबीतील आपले प्रार्थनागृह ज्यांच्या नावाने २०२३ मध्ये उघडले, ते मोशे बेन मैमोन, आपले रामबाम, स्वतः नामांकित वैद्य होते. सलादिनच्या मुलासाठी त्यांनी आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि आपल्या धर्मविषयक संहितेतही देहाच्या जोपासनेला स्वतंत्र प्रकरण दिले. व्यायामावर त्यांचा भर मोठा होता. परंतु श्वास बदलेल अशी हालचाल म्हणजेच व्यायाम, अशी त्यांची व्याख्या होती. तिच्यात मी आता सांगणार आहे ते प्रकार बसणार नाहीत. हे व्यायाम इतके सौम्य आहेत की पाहणाऱ्यास आपण काही करीत आहोत असे वाटूही नये.

पहिला लंबकाचा, तो कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. निरोगी हात टेबलावर टेकून कंबरेतून पुढे वाकावे आणि दुखरा हात दोरीसारखा खाली लोंबू द्यावा. शरीर किंचित डोलवावे. हात आपोआप मागे-पुढे व गोल झुलेल. खांद्याने जोर लावायचा नाही, हीच यातली खुबी. एक-दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. स्नानाच्या गरम पाण्यानंतर केल्यास अधिक सुखावह. दुसरा, टेबलापाशी बसून तळहाताखाली रुमाल ठेवावा आणि धड पुढे झुकवीत हात टेबलावर सरकवावा. टेबल वजन सांभाळते, म्हणून कंडरेवर ताण येत नाही. तिसरा, उताणे निजून दोन्ही हातांत लाटणे किंवा छत्री धरावी आणि निरोगी हाताने दुखऱ्या हाताला डोक्याकडे न्यावे. मग कोपर कुशीला टेकवून छत्रीनेच त्याला बाहेरच्या दिशेस ढकलावे. आखडलेल्या खांद्याला ही शेवटची दिशा सर्वांत आधी सोडून गेलेली असते आणि ती सर्वांत शेवटी परत येते, म्हणून निराश होऊ नये. भिंतीवर बोटांनी वर चढणे आपणांस ठाऊक आहेच. कालच्या उंचीवर पेन्सिलीने खूण करावी.

हालचाल थोडी मोकळी झाली की बळ आणावयाचे. दाराच्या चौकटीपाशी उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवून कुशीला लावावे आणि मध्ये टॉवेलची गुंडाळी धरावी. मनगटाची मागची बाजू चौकटीवर दाबावी; सर्व शक्तीने नव्हे, तिसऱ्या हिश्श्याने. दहा सेकंद दाबून सोडावे, असे दहा वेळा. हात जागचा हलत नाही, पण कंडरेला काम मिळते, आणि काम मिळाल्याशिवाय तिचे धागे नीट लागत नाहीत. पुढे रबरी पट्टा, त्यानंतर हलके वजन. कोपराच्या दुखण्यासाठी प्रकार निराळा. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा जमिनीकडे, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. पंजा वर नेताना दुसऱ्या हाताची मदत घ्यावी आणि खाली आणताना मनात पाच अंक मोजीत, एकट्याने, सावकाश आणावा. सर्व उपयोग त्या सावकाश उतरण्यात आहे. या काळात कपडे पिळणे टाळावे आणि भांडी उचलताना तळवा वरच्या बाजूस ठेवावा.

किती दुखले तर चालते, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वेदनेला दहापैकी गुण द्यावेत. व्यायाम करताना तीन-चार गुणांपर्यंत कळ आली तर घाबरू नये; मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यावयास हवी. न आल्यास व्यायाम बंद करू नये, निम्मा करावा. रात्री दुखऱ्या कुशीवर झोपू नये आणि उताणे निजताना दंडाखाली उशी घ्यावी. कालावधी सांगावयाचा तर सुईने आराम दोन-तीन आठवड्यांत पडतो. कंडरा सुधारण्यास तीन महिने लागतात. बहुतेक मंडळी चौथ्या आठवड्यात बरे वाटते म्हणून सोडतात आणि तेथेच घात होतो. फ्रोझन शोल्डरला याहून पुष्कळ अधिक, वर्ष-दोन वर्षेही लागतात.

उपचार कोणाकडून घ्यावे, याविषयी मी थोडा कठोर आहे. अमिरातीत ॲक्युपंक्चर ही परवान्याने चालणारी उपचारपद्धती आहे. दुबईत हेल्थ ऑथॉरिटी, अबू धाबीत डिपार्टमेंट ऑफ हेल्थ आणि उत्तरेकडील अमिरातींत आरोग्य मंत्रालय हे परवाने देते. परवाना भिंतीवर लावलेला असतो; तो पाहण्यात संकोच कसला? रजेवर गेल्यावर तिकडेच उपचार घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रातही २०१५ च्या कायद्यानुसार ॲक्युपंक्चर परिषद आहे. सुई प्रत्येक वेळी नवी, सीलबंद पाकिटातून डोळ्यांदेखत काढलेली असावी. खांद्याच्या माथ्यावर, मानेच्या मुळाशी एक लोकप्रिय बिंदू आहे. त्याच्या थेट खाली फुप्फुसाचे टोक असते, आणि अननुभवी हाताने सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. असे क्वचितच घडते. पण कोणाच्या फ्लॅटमध्ये स्वस्तात सुया टोचून घेणाऱ्याने हा धोका समजून घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयात पेसमेकर असेल, किंवा गरोदरपण असेल, तर ते आधी सांगावे. सुयांना वीज जोडण्याचाही प्रकार आहे. पेसमेकर असणाऱ्यांनी तो घेऊ नये. विमा या उपचारास लागू होतोच असे नाही, म्हणून पहिल्या बैठकीपूर्वीच विचारावे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुंबईहून येताना वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्या आणण्याची आपणांस सवय आहे. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली औषधे या देशात नियंत्रित आहेत. पूर्वपरवानगी व डॉक्टरांचे पत्र नसताना ती सामानात सापडल्यास अटकेपर्यंत प्रसंग जाऊ शकतो. कोणी ‘आईला द्या’ म्हणून दिलेली पुडीसुद्धा उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आणि खांद्याचे प्रत्येक दुखणे खांद्याचे नसते. डाव्या खांद्यात कळ, त्यासह छातीत दडपण, घाम, धाप असे झाले, तर सुई नाही, व्यायाम नाही. तत्काळ ९९८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, सांधा तापून लाल झाला व ज्वर आला, किंवा मुंग्या बोटांपर्यंत उतरून पकड ढिली झाली, तर आधी डॉक्टर.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवितात. घ्यावे का?

उत्तर : रात्रीची झोपच उडाली असेल तर एखादे घेण्यास हरकत नाही, काही आठवडे आराम मिळतो. फ्रोझन शोल्डरच्या आरंभी त्याचा उपयोग विशेष होतो. परंतु ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोटेटर कफच्या दुखण्यात इंजेक्शनचा फायदा दूरवर टिकला नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. फिजिओथेरपिस्टशी एकच सविस्तर भेट घेऊन घरी व्यायाम करणारे, वारंवार भेटी घेणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत. पैशांची अडचण असणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. टेनिस एल्बोत मात्र इंजेक्शन सहसा टाळावे. आरंभी आराम पडतो, पण वर्षअखेरीस न घेणाऱ्यांचीच स्थिती बरी आढळते. मधुमेहींनी इंजेक्शननंतर काही दिवस साखर रोज तपासावी, ती हमखास चढते.

प्रश्न : शब्बाथला हे व्यायाम चालतील का?

उत्तर : घाम काढण्यासाठी श्रमाचा व्यायाम त्या दिवशी आपणांस मना आहे. लंबकाचे झुलणे त्यात मोडते का, याचा निर्णय मी देणार नाही. तो रब्बींकडून घ्यावा. वैद्यकाच्या बाजूने एवढे सांगतो की आठवड्यातील एक दिवस बळाचे व्यायाम चुकल्याने काहीही बिघडत नाही, उलट कंडरेला तो विसावा हवाच असतो.

प्रश्न : सिम्हाथ तोराला दोन महिने उरले आहेत. माझा उजवा खांदा वर्षभर दुखतो आहे. सेफेर तोरा उचलता येईल का?

उत्तर : आजपासून आरंभ केलात तर छातीशी घट्ट धरून चालता येईल, असे वाटते. छातीशी धरलेले वजन खांद्यास हलके पडते, आणि हात लांबवून धरलेले तेच वजन कित्येक पटींनी जड होते. दोन्ही हात उंचावून सर्वांना दाखविण्याचा मान यंदा एखाद्या तरुणास द्यावा. तोपर्यंत आपल्या घरी पाच गॅलनची बाटली यंत्रावर कोण चढवितो, ते मला सांगा. त्या कामातून आपण आजच मोकळे व्हावे. बाटली जमिनीवरच ठेवून वर बसविण्याचा छोटा विजेचा पंप सुपरमार्केटात मिळतो.